सर्वानुमते

टेलरबाई दर मंगळवारी दुपारी दोन तास इतर बायकांना 'नाही' म्हणायला शिकवायची, आणि तिला स्वतःला ते काही केल्या जमत नव्हतं. यात हसण्यासारखं काही नाही. पोहायला शिकवणारे कितीतरी मास्तर आयुष्यभर काठावर उभे राहून शिट्टीच वाजवतात.

तिचा धडा साधा होता. फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहायचं : 'गप्प बसली, म्हणजे तयार आहे.' मग समोरच्या बायकांपैकी एकीला उठवायचं आणि तिच्याच हाताने ते पुसायला लावायचं. बायका हसायच्या, एखादी रडायची, मग चहा व्हायचा. सातवी शिकलेल्या बाईने बसवलेला हा धडा इतका चालला की वकीलबाईंनी तो संस्थेच्या छापील पुस्तिकेत घेतला आणि सहा वर्षांपूर्वी टेलरबाईला थेट विश्वस्त मंडळावर आणून बसवलं. "ज्यांच्यासाठी संस्था चालवतो, त्यांच्यातली एक तरी टेबलाशी हवी," असं त्या म्हणाल्या होत्या. टेलरबाई टेबलाशी बसली ती बसलीच. सहा वर्षांत तिने मंडळासमोर दोनदा तोंड उघडलं : एकदा खिडकी लावू का विचारायला, आणि एकदा जांभई द्यायला.

वकीलबाई म्हणजे संस्था आणि संस्था म्हणजे वकीलबाई. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी वडिलांचं तीन मजली घर रिकामं केलं आणि घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांसाठी तिथे निवारा उघडला. अकरा खोल्या, एक मोठं स्वयंपाकघर, तळमजल्यावर कार्यालय, आणि लोखंडी दारातून आत शिरलं की भिंतीशी एक लांब बाक. टेलरबाई तीन वर्षांनी आली, सहा वर्षांची मुलगी घेऊन. वकीलबाईंनी तिचा खटला फुकट लढवला, मुलीचा ताबा मिळवून दिला, शिलाई मशीन मिळवून दिलं. आज ती मुलगी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि आईचं दुकान शाळेच्या गणवेशांवर बरं चालतं. तेव्हा खाल्ल्या मिठाला जागायचं म्हटलं, तर टेलरबाईने जन्मभर वकीलबाईंच्या 'हो'ला 'हो' करायला हवं होतं, आणि ती करतच होती.

संस्थेची घटना वकीलबाईंनी स्वतः लिहिली होती, आणि चांगली लिहिली होती. अध्यक्षाची मुदत तीन वर्षं, सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. माणूस खुर्चीला चिकटतो हे त्यांना ठाऊक होतं. फक्त शेवटी एक शेपूट होतं : 'सर्वानुमते ठरल्यास अपवाद करता येईल.' त्या शेपटाला धरून त्या गेली बारा वर्षं खुर्चीवर होत्या. चार अपवाद होऊन गेले होते, पाचवा येऊ घातला होता.

आता हे 'सर्वानुमते' ठरायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. या मंडळात मतदान होत नसे. हात वर करायला लावलं की कुणी जिंकतं, कुणी हरतं. तो पुरुषांच्या मंडळांचा खाक्या, आपण बायकांनी बोलून ठरवायचं, असं पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. म्हणून वकीलबाई विषय मांडत, वही उघडत आणि विचारत, "कुणाची हरकत नाही ना?" मग चहाचा एक घोट घेत. घोट घशाखाली उतरला की लिहीत : सर्वानुमते मंजूर. हरकत असेल तर ती त्या घोटाच्या आत घ्यायची. मंडळात एक ताई परदेशी राहायच्या आणि बैठकीला पडद्यावरून यायच्या. गेल्या वर्षी एकदा त्यांचं चित्र डोळे मिटलेल्या अवस्थेत गोठलं ते वीस मिनिटं तसंच राहिलं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी तीन ठरावांना संमती दिली.

एवढ्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते दाराशी.

संस्थेच्या दुसऱ्या वर्षी एका नवऱ्याची बहीण स्वतःच मार खाल्लेली आहे असं भासवून निवाऱ्यात शिरली होती, आणि भावाला बायकोचा पत्ता देऊन गेली होती. तेव्हापासून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे वकीलबाई स्वतः ठरवत. दाराशी नवी बाई आली की तिला बाकावर बसवायचं, वकीलबाईंना फोन लावायचा, त्यांनी तिच्याशी बोलायचं, मग खोली. पहिली काही वर्षं हे ठीक चाललं. आता वकीलबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. कोर्टात फोन बंद, डॉक्टरकडे फोन बंद, आणि कधीकधी फोन नुसताच पर्सच्या तळाशी.

दोन महिन्यांपूर्वी एक बाई दोन मुलींना घेऊन आली. निवाऱ्याचं रोजचं काम बघणारी समन्वयक, चौतीस वर्षांची, कामाला वाघीण, तिने बाईला बाकावर बसवलं, मुलींना दूध दिलं आणि फोन लावला. चार तास लावत राहिली. वकीलबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. पाचव्या तासाला समन्वयक वरून भांडणाचा आवाज आला म्हणून दहा मिनिटं वर गेली. परत आली तर बाकावर दुधाचे दोन रिकामे पेले होते. ती बाई पुढे कुठे गेली, हे कुणालाच कळलं नाही. आजही माहीत नाही.

समन्वयकाने अर्ज दिला : प्रवेशाचा निर्णय कार्यालयाने घ्यावा. तो विषय लागोपाठ दोन बैठकींत पुढे ढकलला गेला. सर्वानुमते. मग एके दिवशी ती टेलरबाईच्या दुकानात आली, मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, शनिवारी मुदतवाढीचा विषय आहे. ती मंजूर झाली तर मी राजीनामा देणार. पत्र लिहून ठेवलंय."

"अगं, मग त्या अकरा खोल्या कोण बघणार?"

"तेच तुम्हाला विचारायला आले. अजून एक बाई माझ्यासमोर उठून निघून गेली तर मला नाही सहन होणार. वकीलताईंबद्दल माझं काही वाईट मत नाही हो. पण दार त्यांच्या पर्समध्ये आहे."

टेलरबाई हातातल्या पँटची शिवण उसवत राहिली. समन्वयक गेल्यावर बघते, तर जी उसवायची नव्हती तीही उसवून ठेवली होती.

त्या आठवड्यात मंडळात फोनाफोनी झाली. डॉक्टरबाई, ज्या वकीलबाईंच्या कॉलेजपासूनच्या मैत्रीण, त्या टेलरबाईला म्हणाल्या, "तिने आता थांबायला हवं गं. पण मी बोलले तर पन्नास वर्षांची मैत्री जाईल. तू बोल, मी आहेच तुझ्या मागे." निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या तोंडून आलं तर त्याला वजन येईल. मी लगेच दुजोरा देते." पडद्यावरच्या ताईंनी लांबलचक निरोप पाठवला, त्याचा सारांश इतकाच की त्या मनाने आपल्यासोबत आहेत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला हवी यावर सगळ्यांचं खरोखरचं एकमत होतं, आणि घंटा टेलरबाईच्या हातात देऊन सगळ्या मोकळ्या झाल्या होत्या.

"मला नाही जमायचं," तिने जेवताना मुलीला सांगितलं. "ज्या बाईमुळे तू माझ्यापाशी राहिलीस, तिला भर बैठकीत 'उठा' म्हणू?"

"मग नको म्हणूस."

"आणि ती पोरगी नोकरी सोडून गेली म्हणजे?"

"मग म्हण." मुलगी पाणी प्यायली. "आई, 'नाही' म्हणालीस तर कृतघ्न ठरशील, गप्प राहिलीस तर खोटारडी. मधलं काही नाही त्यात. आणि मंगळवारी फळ्यापुढे उभी राहणार आहेस ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"फार शहाणी झालीस."

"तूच केलंस."

शनिवारी अकरा वाजता बैठक सुरू झाली. पहिल्या मजल्यावरची खोली, अंडाकृती टेबल, त्यावर बिस्किटांची ताटली, एका टोकाला पडदा आणि पडद्यात ताई. समन्वयक नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीवर होती. ती विश्वस्त नव्हती, तेव्हा तिने फक्त ऐकायचं. तिच्या मांडीवर एक फाइल होती. टेलरबाईला त्या फाइलीत काय आहे ते माहीत होतं आणि तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

गळणारी टाकी झाली, नवी पुस्तिका झाली. मग वकीलबाईंनी चष्मा पुसला.

"अध्यक्षपदाची मुदत संपतेय. मला काही हौस नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण पुढची फळी तयार होईपर्यंत कुणीतरी गाडा ओढायला हवा. तीन वर्षं वाढवून घेऊ." त्यांनी वही उघडली. "कुणाची हरकत नाही ना?"

आणि कप उचलला.

टेलरबाईने चार दिवस मशीनवर बसून वाक्य घोकलं होतं : 'ताई, मला थोडं बोलायचंय.' तेवढंच. पुढचं आपोआप येईल. तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मुख्याध्यापिका बिस्किटाकडे असं पाहत होत्या, जणू त्यावर काही छापलंय. पडद्यावरच्या ताई या खेपेला गोठलेल्या नव्हत्या, पण पापणीही हलत नव्हती. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. टेलरबाईने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वकीलबाईंचा घोट उतरला.

सर्वानुमते मंजूर, त्यांनी लिहिलं. पुढचा विषय पायऱ्यांच्या दुरुस्तीचा होता.

स्वतःची इतकी लाज टेलरबाईला कधीच वाटली नव्हती. पायऱ्यांबद्दल काय ठरलं ते तिने ऐकलंच नाही. कोपऱ्यात समन्वयकाने फाइल उघडून कागद बाहेर काढला होता. तिच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हतं. तिला हे असंच होणार हे ठाऊक होतं, आणि टेलरबाईला तेच जास्त लागलं.

विषय संपले की वही टेबलावरून फिरायची आणि प्रत्येकीने खाली सही करायची, हा रिवाज. डॉक्टरबाईंनी न बघता सही केली. मुख्याध्यापिकांनी वळणदार केली. पडद्यावरच्या ताईंच्या नावापुढे वकीलबाई 'उपस्थित' लिहायच्या, ते लिहिलं. वही टेलरबाईपुढे आली. ती नेहमी सगळं वाचून सही करायची. सातवी शिकलेली बाई कागदाला घाबरते, म्हणून तो नीट वाचते. वाचता वाचता ती त्या ओळीवर आली, आणि पेन खाली ठेवलं.

"काय झालं? शाई संपली?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही ताई. हे चुकीचं लिहिलंय."

"कुठे?"

"मुदतवाढीला मी हो म्हटलं असं लिहिलंय. मी म्हटलं नव्हतं."

"अगं, हरकत कुठे घेतलीस तू?"

"हरकतही घेतली नव्हती. मी गप्प होते."

"झालं तर मग," वकीलबाई हसून म्हणाल्या. "गप्प होतीस, म्हणजे तयार होतीस."

बोलून गेल्या आणि थांबल्या. त्या कोर्टातल्या बाई, स्वतःचं वाक्य स्वतःला ऐकू येणाऱ्या. डॉक्टरबाईंची पर्स बंद झाली. खाली स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं आपटलं, ते वर स्पष्ट ऐकू आलं.

"ताई," टेलरबाई म्हणाली, "हे वाक्य मी दर मंगळवारी बायकांना पुसायला लावते. तुम्हीच पुस्तिकेत छापलंत. मग इथे माझी सही कशी मागता?"

वकीलबाईंनी वही स्वतःकडे ओढली आणि डॉक्टरबाईंकडे वळल्या. आवाज शांत होता, साक्षीदाराला विचारतात तसा.

"तुला काय म्हणायचं होतं?"

"अगं, आता जाऊ दे..."

"हो की नाही, तेवढं सांग."

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले. "नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळेलाही नाहीच म्हणायचं होतं."

मुख्याध्यापिकांनी नाही म्हटलं. पडद्यावरच्या ताईंनी आवाज सुरू करायला अर्धं मिनिट घेतलं आणि मग खूप मोठ्याने नाही म्हटलं. शेवटी वकीलबाईंनी टेलरबाईकडे पाहिलं.

"नाही, ताई."

वकीलबाईंनी 'सर्वानुमते मंजूर' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली. शब्द वाचता येतील अशी. खाडाखोड करायची नाही, रेघ मारून शेजारी सही करायची, हे कायद्याचं वळण त्यांच्या हातातलं होतं. सही केली, तारीख घातली. मग वही डॉक्टरबाईंपुढे सरकवली. "पुढची बैठक होईपर्यंत अध्यक्षाचं काम तू बघ. आणि या वेळी एकेकीला विचारून घे."

डॉक्टरबाईंनी एकेकीला विचारलं. वेळ लागला. सवय नसल्यामुळे दोघी आधी नुसत्याच माना हलवत होत्या, त्यांना तोंडाने बोलायला लावावं लागलं. त्याच बैठकीत प्रवेशाचा निर्णय कार्यालयाकडे गेला. त्याला वकीलबाईंनी एकट्यांनी विरोध केला, नवऱ्याच्या बहिणीची हकिगत पुन्हा सांगितली आणि 'माझा विरोध लिहा' म्हणाल्या. तो लिहिला गेला. संस्थेच्या वहीत अठरा वर्षांत लिहिलेला तो पहिला विरोध. समन्वयकाने कागद फाइलीत परत घातला आणि सगळ्यांसमोर रडली. तिच्या रडण्यात आनंद किती आणि घाबरणं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बैठक सुटल्यावर सगळ्या डॉक्टरबाईंभोवती जमल्या. वकीलबाई एकट्याच जिना उतरायला लागल्या. टेलरबाई धावत गेली आणि त्यांची जड बॅग हातातून घेतली. त्यांनी दिली. दोघी खाली फाटकाशी आल्या. टॅक्सी यायला पाच मिनिटं होती.

"एक विचारते," वकीलबाई म्हणाल्या. "तू पहिल्यांदा या दारात आलीस, तेव्हा मी तुला विचारलं, राहायचंय का. आठवतं?"

"आठवतं ना."

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"दुसऱ्यांदा विचारलं."

"तेव्हाही नाही बोलले. बोलताच येत नव्हतं."

"मग मी तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि हाताला धरून आत नेलं. तुला न विचारता खोली दिली. चुकलं का माझं?"

असल्या शेवटच्या प्रश्नावर या बाईने कितीतरी खटले जिंकले होते, त्यातला एक टेलरबाईचाच होता. त्या दिवशी वकीलबाईंनी तिच्या शब्दाची वाट बघितली असती, तर ती मुलीला घेऊन परत गेली असती, आणि पुढे काय झालं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"नाही चुकलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, ताई. आता वहीकडे बघता."

टॅक्सी आली. ड्रायव्हरने दार उघडलं. वकीलबाई रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. त्या रागावल्या होत्या, की दुखावल्या होत्या, की त्यांना मान्य होतं, काही कळत नव्हतं. एरवी टेलरबाईने आपल्या सोयीचा अर्थ लावला असता आणि घर गाठलं असतं. आज तिने बॅग घट्ट धरून विचारलं, "ताई, पटलं का तुम्हाला?"

वकीलबाईंनी तिच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बॅग घेतली, टॅक्सीत बसल्या आणि गेल्या. टेलरबाई फाटकात उभी राहून रडली. जिच्याकडून एक 'हो' ऐकायला ती काहीही करायला तयार होती, तिने स्वच्छ शब्दांत 'नाही' म्हटलं होतं, आणि ते जसंच्या तसं घेऊन तिला घरी जायचं होतं.